विश्लेषण : हृदय दुरुस्त झाले, तरी मूल धापा का टाकते?

अंगणवाडीत तपासणी पथकातील डॉक्टरला बाळाच्या छातीत वेगळा आवाज येतो, टूडी इको होतो, हृदयाला छिद्र असल्याचे कळते आणि नांदेड-लातूरकडचे कुटुंब मुंबई-पुण्याची गाडी पकडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये याच राज्यात, पालघरला सुरू झाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीसारख्या विनामूल्य केंद्रांमुळे शस्त्रक्रियेचा खर्चही अनेकांच्या आवाक्यात आला. ‘ऑपरेशन यशस्वी’ झालेले हेच मूल दोन वर्षांनी खेळाच्या तासाला ओट्यावर बसून असते, तेव्हा मात्र विचारायचे कोणाला, हे पालकांना उमगत नाही.

दोष हृदयाचा की फुफ्फुसांचा?

बहुतेकदा दोन्हींचा थोडाथोडा. फुफ्फुसांतील हवेच्या पिशव्या सर्वाधिक वेगाने वाढतात त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. हृदयात मोठे छिद्र असेल, तर याच काळात फुफ्फुसांत जादा रक्त शिरते, ती ताठर होतात, वारंवार न्यूमोनिया होतो. त्यात शस्त्रक्रियेसाठी छातीचे मधले हाड कापावे लागते किंवा बरगड्यांमधून वाट काढावी लागते. व्रणामुळे छातीचा पिंजरा पुरेसा फुलत नाही. काहींचा मणका वाकतो, क्वचित श्वासपटलाची नस दुखावते. श्वासनलिका मोकळ्या असूनही छातीत हवा कमी मावते. धावताना नाडी हवी तितकी वाढत नाही, हे आणखी एक कारण.

आणि एक कारण घरातले असते. ‘पळू नको, दमशील’ हे आजीचे वाक्य मायेचेच. पण वर्षानुवर्षे न पळालेल्या मुलाचे स्नायू दुबळे होतात आणि मग ते खरेच दमते.

फॉन्टान शस्त्रक्रिया झालेल्यांचे वेगळे काय?

एकच कार्यक्षम कप्पा असलेल्या हृदयावर ही शस्त्रक्रिया होते. त्यानंतर शरीरातील अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे ढकलायला पंपच उरत नाही. श्वास आत घेताना छातीतील दाब कमी होतो व रक्त वर ओढले जाते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते खालून दाबतात. म्हणजे या मुलांसाठी छाती आणि पाय हेच पर्यायी पंप. त्यांची व्यायामक्षमता समवयस्कांच्या साधारण ६० ते ६५ टक्के असते. अशा मुलाला कायमचे बसवून ठेवणे म्हणजे उरलासुरला पंपही बंद करणे.

मोजायचे कसे?

स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकण्याची चाचणी, पाच-सहा वर्षांचे मूल करू शकते. मुखवटा लावून ट्रेडमिलवर केली जाणारी प्राणवायूची चाचणी अधिक नेमकी, पण ती मोठ्या केंद्रांचे काम. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला मात्र ३० मीटरचा व्हरांडा, घड्याळ आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर एवढेच लागते. नांदेडच्या विष्णुपुरीतील किंवा लातूरच्या शासकीय महाविद्यालयातच नव्हे, किनवट-उदगीरच्या रुग्णालयातही ती होऊ शकते. तरीही फेरतपासणी म्हणजे इको, एवढेच समीकरण रूढ आहे. इको मूल झोपलेले असताना होतो. धाप लागते ती धावताना. एवढ्या मोजमापासाठी रात्रभराचा रेल्वेप्रवास करायला लावणे अनाकलनीय आहे.

मग खेळू द्यायचे?

बहुतेकांना, हो. छातीचे हाड जुळेपर्यंत सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे, सायकल, लंगडी सुरू करता येते. दमल्यावर थांबण्याची मुभा हवी. कृत्रिम झडपेमुळे रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर कबड्डी-कुस्ती नको. जड वजन उचलणे आणि स्पर्धेत उतरणे तपासणीनंतरच. खेळताना भोवळ, छातीत दुखणे, धडधड किंवा ओठ निळे पडणे दिसल्यास लगेच थांबवून दवाखाना गाठावा.

हे सारे आज पालकांच्या तोंडी निरोपावर शाळेत पोहोचते, आणि गुरुजीही जोखीम नको म्हणून मुलाला बसवतात. त्यात त्यांचा दोष नाही. सुट्टीच्या कार्डावर औषधांच्या यादीखाली ‘काय खेळू शकेल’ ही ओळ मराठीत लिहायला डॉक्टरांना मिनिटही लागणार नाही. शाळांमध्ये वर्षातून एकदा जाणाऱ्या पथकाने शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना त्याच भेटीत सहा मिनिटे चालवून पाहिले, तर त्या ओळीत बदल हवा की नाही, तेही कळेल.