सही झाल्यानंतरचा कागद

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरीला लागला. घर शोधताना नाव सांगितलं की ‘अहो, कालच दिलं’ हे उत्तर ठरलेलं. शेवटी एक घर मिळालं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार झाला, अंगठ्याचे ठसे झाले, नोंदणी झाली, डिपॉझिट गेलं.

चौथ्या महिन्यात घरमालक साधा टाइप केलेला कागद घेऊन आले. भाडं दोन हजारांनी जास्त आणि घरात मटण-मच्छी शिजवायची नाही. सही कर, नाहीतर महिनाअखेर घर खाली कर. रात्री पोराचा फोन, “सर, करून टाकू का सही? दुसरं घर कोण देणार?”

त्याची भीती खोटी नव्हती. ती घरमालकालाही ठाऊक होती, म्हणून तर तो कागद आला.

मी म्हटलं, आधी करार काढ. त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन दोघांनाही लागू होता, नंतर एक महिन्याची नोटीस. मांसाहाराबद्दल एक अक्षर नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 62 नुसार जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा किंवा तो बदलायचा तर दोन्ही पक्ष राजी हवेत. म्हणजे त्या कागदाला जीव येणार होता तो फक्त याच्या सहीने. सहा महिन्यांनंतर मालक रीतसर नोटीस देऊ शकतो, हेही मी त्याला सांगितलं. खोटा धीर देऊन काय उपयोग?

आता थोडं आपल्या मोहल्ल्याबद्दल. आपल्यातले घरमालक काय करतात? ‘अपना ही आदमी है’ म्हणत तोंडी घर देतात आणि वर्षाच्या मध्येच डिपॉझिट वाढवून मागतात. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. ती आपण तिलावतीत ऐकतो आणि बाहेर आलो की जबानी सौदा करतो! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 तर स्पष्ट आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

भाडेकरूंनीही एक ऐकावं. लायसन्सची मुदत संपल्यावर अडून बसू नका. कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

त्या पोराने व्हॉट्सॲपवर लिहिलं, “काका, करारात आहे तेवढं भाडं वेळेवर देईन. नव्या कागदावर सही करणार नाही.” दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

सध्या तो तिथेच आहे. जिन्यात भेटले तर काका बोलत नाहीत. तो सलाम करतो आणि भाडं 5 तारखेच्या आत बँकेतून पाठवतो.