कानांचाही रोजा असतो

रोजा केवळ पोटाचा नसतो. डोळ्यांचा, जिभेचा आणि कानांचाही असतो, हे रमजानच्या बयानात दरवर्षी सांगितले जाते. कानांचा रोजा म्हणजे कुणाची निंदा ऐकायची नाही, एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी तो थोडा पुढे न्यायला हवा. इथे कानांवर जीव अवलंबून असतो.

ताडोब्यात गाइड जिप्सीचे इंजिन बंद करायला लावतो, सगळ्यांना गप्प बसवतो. वाघ दिसण्याआधी त्याची वर्दी ऐकू येते, तीही दुसऱ्यांच्या तोंडून. झाडावरचे वानर खाकरते, चितळ ओरडते, सांबर ‘ढांक’ करते. पर्यटकाला त्यात मौज वाटते. मोहफुले वेचायला पहाटेच्या अंधारात निघालेल्या बाईला मात्र तोच इशारा. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. त्याचे कारण आवाज होता, असे कुणी म्हणणार नाही. पण खाली वाकून काम करणाऱ्याची नजर जमिनीवर असते. राखण कानच करतात.

गोंगाट नेमका हा इशारा झाकून टाकतो. जनावरांचीही तीच गत. अमेरिकेतील आयडाहो राज्यात संशोधकांनी रस्ता नसलेल्या जंगलात ध्वनिक्षेपक लावून नुसता वाहनांचा आवाज ऐकवला. गाडी नाही, धूर नाही, तरी तिथले पक्षी चतुर्थांशाहून जास्त घटले. जे थांबले त्यांतल्या काहींची प्रकृतीही खालावली. सतत मान वर करून धोका पाहावा लागला, तर दाणे टिपणार कधी?

आपल्याकडे मूल रस्त्यावरची वाहतूक, कोळसा खाणींतले स्फोट, सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक हे सगळे आहेच. ते एका रात्रीत शांत होणार नाही. भोंग्याचे तसे नाही, तो एका बटणावर बंद होतो.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला सरकार वर्षातून फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. जंगलालगतच्या गावांत लग्नाचा डीजे हा नियम सर्रास मोडतो. पण रमजानच्या पानावर आधी आपल्या घरचे बोलावे. सहरीला उठवणारे फकीर एकेकाळी गल्लीतून डफ वाजवत जात, कारण घराघरांत घड्याळ नव्हते. आज प्रत्येक उशीजवळ मोबाइल आहे. गजर बंद करून पुन्हा झोपणारा मुलगा भोंग्यानेही उठत नाही, हे घरोघरच्या आयांना ठाऊक आहे! आवाज खाली ठेवण्याची ताकीद तर लुकमान यांनी मुलाला दिल्याचे कुरआनातच आहे.

रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि मार्चमध्येच मोह गळू लागतो. म्हणजे सहरी उरकण्याची आणि टोपली घेऊन निघण्याची वेळ जवळपास एकच. ताडोब्याच्या बफरमधल्या गावांत मशीद, मंदिर, विहार आणि लग्नघरच्या मंडळींनी एका संध्याकाळी बसून ठरवावे, की मोहाच्या दिवसांत उजाडेपर्यंत कुणाचाच भोंगा वाजणार नाही. फज्रची अजान भोंग्याशिवायही होते. त्यासाठी वनखात्याच्या किंवा पोलिसांच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. पहिली बैठक मशिदीच्या कमिटीने इफ्तारनंतर बोलवावी.