विश्लेषण : परदेशी विद्यार्थ्याला आजऱ्याचा सोबती का हवा?

बारावीनंतर आजऱ्याची मुले कोल्हापूर-पुण्याच्या वसतिगृहात जातात, तेव्हा शेजारच्या खोलीत कधी नेपाळचा, कधी सुदानचा, कधी अफगाणिस्तानचा विद्यार्थी असू शकतो. ओळख बहुधा ‘हाय-हॅलो’पुढे सरकत नाही. एकाला इंग्रजीची धास्ती, दुसऱ्याला मराठीचा गंध नाही. अनेक देशांतली विद्यापीठे यावर ‘संभाषण-सोबती’ हा उपाय वापरतात. तो आपल्याकडे का रुजला पाहिजे आणि त्यात आजऱ्यासारख्या गावातली मुले उजवी का ठरू शकतात?

संभाषण-सोबती म्हणजे नेमके काय?

आठवड्यातून एक तास, ठरलेल्या जागी, ठरवून मारलेल्या गप्पा. शिकवणी नाही, फी नाही, परीक्षा नाही. जर्मनीत याला ‘टँडेम’ म्हणतात: अर्धा तास एकाची भाषा, अर्धा तास दुसऱ्याची. घड्याळ लावून बसण्यामागे कारण आहे. वेळ वाटून घेतली नाही तर ज्या भाषेचा दबदबा जास्त, तीच सगळा तास खाते. आपल्याकडे ती इंग्रजी. परदेशी मुलाने अडखळत ‘मला चहा पाहिजे’ म्हटले की समोरचा लगेच इंग्रजीत सुरू होतो. हेतू मदतीचा असतो, पण मराठी बोलण्याची त्याची एक संधी तिथेच जाते.

महाराष्ट्रात असे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते आजऱ्याच्या शेजारच्या तालुक्यातून आलेले आहे. गडहिंग्लजमध्ये जन्मलेले डॉ. शां. ब. मुजुमदार पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळले, की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि त्याच्याच देशातली ती मुलगी त्याला जेवण पोहोचवत होती. परक्या देशात आजारी पडलेल्या मुलाची विचारपूस करायला शेजारच्या खोलीतले कोणी नव्हते, हे मुजुमदारांना लागले. परदेशी आणि भारतीय विद्यार्थ्यांनी एकत्र यावे म्हणून १९७१ मध्ये त्यांनी ‘सिम्बायोसिस’ सुरू केली. आज ते नाव मोठ्या विद्यापीठाचे आहे, पण सुरुवात त्या खिडकीपाशी झाली.

दुसरे उदाहरण फलटणचे. मूळच्या अमेरिकन मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली, पुढे तिथेच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. बोलीचा असा अभ्यास ग्रंथालयात बसून होत नाही. तालुक्याच्या गावातली माणसे त्यांच्याशी बोलली, म्हणून तो झाला.

आजऱ्याची मुले उजवी कशी?

पुण्यातला मुलगा पुण्यात घरीच असतो. आजऱ्याचा मुलगा तिथे स्वतःही नवखा असतो. मेसची आमटी गोड लागते, रिक्षावाल्याशी कसे बोलावे कळत नाही, गावची आठवण येते. अर्धी ओळख तर एवढ्यावरच होते.

शिवाय भाषा. पाठ्यपुस्तकातली मराठी शिकलेल्या परदेशी विद्यार्थिनीला ‘मी जाते’ माहीत असते. आजऱ्याची मैत्रीण मात्र निरोप घेताना ‘मी येतो’ म्हणते. मुलगी असून ‘येतो’? आणि निघाली असताना ‘येतो’? यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरच्या बोलीत आहे आणि दुसऱ्याचे मराठी घराच्या उंबऱ्यावर. ‘येतोस का’ऐवजी ‘येतोस काय’, ओळख नसताना ‘भावा’ किंवा ‘मावशी’, भेटल्या भेटल्या ‘जेवलास काय’ हे सगळे असेच समजून घ्यावे लागते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरकही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. ‘आम्ही जेवायला चाललोय’ म्हटले तर समोरचा बाहेर राहतो, ‘आपण जाऊया’ म्हटले तर तो आत येतो. व्याकरणात हे चार ओळींत संपते, कळायला मात्र कोणीतरी एकदा ‘आपण’ म्हणावे लागते.

बोलायचे काय?

इंग्रजी येत नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. समोरच्याची इंग्रजीही बऱ्याचदा शिकलेलीच असते. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ शिजताना घरभर वास का सुटतो, काजूची बी कशी भाजतात, रामतीर्थावर पावसाळ्यात काय दिसते, हे सांगणारा मुलगा शब्द अडला तरी हाताने सांगतो. मग त्याच्याकडचा भात, त्याच्याकडचा पाऊस विचारावा. प्रत्येक चूक दुरुस्त करू नये. एका भेटीत एखादीच पुरे. आणि उच्चाराला हसू नये. आजऱ्याच्या मुलाच्या बोलण्याला पुण्यात कोणी हसले असेल, तर त्याला हे वेगळे सांगायला नको.

खरी अडचण कुठे आहे?

‘परदेशी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोरा माणूस येतो. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये भारतात १६८ देशांचे ४९,३४८ विद्यार्थी शिकत होते आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे २८ टक्के, नेपाळचे होते. पहिल्या पाच देशांत अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान आणि सुदान होते. गोऱ्या विद्यार्थ्यासोबत सेल्फी काढायला गर्दी करणारे आपण आफ्रिकन विद्यार्थ्याच्या शेजारची खुर्ची मोकळी ठेवतो. महाविद्यालयांनी सोबती जोडून देताना ही निवड मुलांच्या आवडीवर सोडू नये, चिठ्ठ्या टाकाव्यात.

दुसरी काळजी पालकांची, विशेषतः मुलींच्या. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भेट ग्रंथालयात किंवा कँटीनमध्ये व्हावी, एका शिक्षकाला माहिती असावी, आणि कोणाचे जमले नाही तर कारण न विचारता सोबती बदलून मिळावा.

गणपतीला घरी न्यायचे असेल तर?

जरूर न्यावे. मात्र परदेशी पाहुणा मुक्कामाला असेल तर यजमानाने २४ तासांच्या आत इमिग्रेशन विभागाकडे ऑनलाइन नोंद करायची असते. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती लागते. फॉर्म कसा भरायचा, हे गाडीत बसण्यापूर्वीच महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात विचारून घ्यावे. म्हणजे मोदकाच्या दिवशी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही.