लाल रंगाखालचा पत्रा

नायगावच्या आडतीवर सोयाबीन आले की कोणीही नुसत्या रंगावरून भाव बोलत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतले जातात, यंत्रावर ओलावा पाहिला जातो, माती-कचरा वजा धरला जातो आणि मगच आकडा उच्चारला जातो. परंतु त्याच पेढीवरील एखाद्या गृहस्थांना पुण्याच्या पुतण्याने लालभडक, उघड्या टपाच्या जुन्या इटालियन मोटारीचे छायाचित्र पाठवावे, खाली ‘पूर्ण जीर्णोद्धार केलेली, विकणे आहे’ एवढेच असावे, की पिढ्यानपिढ्यांची ही पारख क्षणभर बाजूला पडते.

समजा, मोटार फियाट १२४ स्पायडर आहे. १९६६ साली तुरिनच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. देखणा बांधा पिनिनफारिना यांचा. इंजिन पूर्वी फेरारीत काम केलेल्या ऑरेलिओ लांप्रेदी यांचे. १९८५ पर्यंत अशा सुमारे दोन लाख गाड्या तयार झाल्या व त्यांतील बहुतेक अमेरिकेत गेल्या. फियाट हे नाव जैन व्यापारी घरांना परके नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्याच मोटारी बनविल्या आणि पुढे त्यांचीच ‘पद्मिनी’ झाली. १९८५ ची प्रीमियर ११८ एनई तर १२४ च्याच बांध्यावर, मात्र निस्सानच्या इंजिनासह, उभी होती. स्पायडर ही त्या चौकोनी, संसारी गाडीची हौशी चुलत बहीण म्हणावी.

जीर्णोद्धार हा शब्द समाजाला मंदिरांमुळे ठाऊक आहे. कोणता स्तंभ मूळचा व कोणता नव्याने घडविलेला, याची नोंद राहिली तरच मागून येणाऱ्यास ते कळते. मोटारीचेही तसेच आहे. टप नसल्यामुळे स्पायडरचा सारा ताण तळाच्या पत्र्यावर आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर येतो, आणि गंज नेमका तेथेच आतून धरतो. त्यावर पुट्टी भरून रंग चढविला की पाहणाऱ्यास आरशासारखी चकाकी दिसते. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर असण्याचा संभव फार. दाराची फट वर एक आणि खाली एक दिसत असेल तर सांगाडाच बसला आहे काय, हे पाहावे. या इंजिनातील कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्याने फिरतात. तो केव्हा बदलला याचे बिल अवश्य मागावे, कारण पट्टा तुटल्यास झडपा पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते.

पन्नास वर्षांच्या यंत्राचे भाग बदललेले असणे हा दोष नव्हे. ते न सांगता ‘मूळचे’ म्हणून भाव घेणे हा दोष आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक-व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल विकणे, स्पष्टपणे गणले आहे. भेसळीचे तूप विकणाऱ्यास समाज नावे ठेवतो. पुट्टी लपविणाऱ्यास मात्र हुशार म्हटले जाते, हे विचित्रच.

त्याच अतिचारांतील ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा कागदपत्रे पाहताना आठवावा. परदेशी गाड्या कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या अटीवर, सीमाशुल्क न भरता तात्पुरत्या आणता येतात. अशी गाडी येथेच राहून विकली गेली तर घेणाराही अडचणीत येतो. म्हणून सीमाशुल्काची पावती, चासीवर कोरलेला क्रमांक आणि नोंदणी पुस्तक ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हीए’ मालिकेत दहा वर्षांसाठी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही, आणि रस्त्यावर ती नित्य वापरता येत नाही. अर्थात विक्रेत्याने लपविलेला बदल उद्या घेणाऱ्याच्या नोंदणीवर उठू शकतो.

हिशेबाचा एक मुद्दा विकणाऱ्यांसाठी. स्वतःच्या वापराची मोटार ही आयकरात भांडवली मालमत्ता धरली जात नाही. त्यामुळे नफ्यावर भांडवली कर नाही आणि तोटाही कोठे वजा मिळत नाही. पेढीच्या वहीत दाखवून घसारा घेतला असेल तर मात्र गणित निराळे. जीर्णोद्धारावर झालेला खर्च किमतीत पुरता वसूल होईलच, या आशेवर तर कोणी राहूच नये.

पेढीवरील गृहस्थ एव्हाना भानावर आलेले असतात. गाडी देखणी आहे, हे पुतण्याला मान्य करून ते एवढेच कळवितात की आता गाडीच्या खालच्या बाजूची छायाचित्रे पाठव, काम सुरू करण्यापूर्वी पत्रा कसा होता तीही असतील तर पाठव, आणि रविवारी पाहायला जाताना खिशात एक लोहचुंबक ठेव.