कोंडा म्हशीलाच का?

आमच्या घरी गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळतात आणि कोंडा म्हशीला घालतात. मला हे पटत नाही. कोंड्यात ब-५ जीवनसत्त्व असते. त्याचे मोठे नाव पॅन्टोथेनिक आम्ल. रॉजर विल्यम्स या शास्त्रज्ञांनी ते १९३३ साली शोधले. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थ ‘सगळीकडून’, कारण ते थोडे थोडे बहुतेक अन्नात असते. शेंगदाण्यात, अंड्यातही असते. खाल्लेल्या अन्नातून शक्ती मिळायला ते लागतेच. मोठ्या माणसाला रोज ५ मिलिग्रॅम पुरते.

आजी म्हणते, पाहुण्यांना पांढरी पोळी लागते. मग पाहुणे येतील तेव्हाच चाळा की! म्हशीच्या पोटातले जंतू हे जीवनसत्त्व स्वतःच बनवतात. आपल्याला ते खाऊनच मिळवावं लागतं. म्हशीला कडबा आहे, सरकी आहे. पीठ चाळू नका.