चाल कुणाची?

युरोपात 'चेंबर म्युझिक' नावाचा प्रकार आहे. चार-पाच वादकांनी एका खोलीत बसून वाजवायचं संगीत. तीन-चार स्वरांचा तुकडा घ्यायचा. एका वाद्याने तो उचलायचा, दुसऱ्याने वरच्या स्वरावरून म्हणायचा, तिसऱ्याने लांबवायचा, कधी उलटा फिरवायचा. बीथोवनच्या १८२६ सालच्या एका चौकडीचा शेवटचा भाग असाच तीन स्वरांच्या प्रश्नावर उभा आहे, आणि उत्तर म्हणजे तोच तुकडा उलटा. याला रचना म्हणतात आणि करणाऱ्याला रचनाकार.

मला आमचं दारव्ह्याचं अंगण आठवतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत असू. चाल एका ओळीपुरती, चार-पाच स्वरांत मावणारी. एकीने उचलायची, बाकीच्यांनी टिपऱ्यांवर झेलायची. रुसलेल्या सुनेला न्यायला सासू येते, मग सासरा, दीर, नणंद. दर नात्याला शब्द बदलले की ते ओळीत बसेनात. मग कुठे स्वर ताणायचा, कुठे दोन अक्षरं एका ठोक्यात कोंबायची, हे शेजारची एक मावशी ठरवायची. ती शाळेत गेलेली नव्हती. पुढे स्नेहसंमेलनात तीच गाणी बसवली. पत्रिकेत 'संगीत' म्हणून पेटीवाल्या गुरुजींचं नाव, आणि गाण्यापुढे 'पारंपरिक'.

तेव्हापासून हा शब्द मला खुपतो. परंपरा काही आपोआप गात नाही.

चौकडी आणि भुलाबाईचं गाणं एकच, असं मी म्हणत नाही. तिथे तुकडाच बदलत वाढतो, इथे चाल जवळपास तीच राहते, शब्द वाढतात. पण हा फरक सवडीचा आणि कागदाचाही आहे. आणि कागद मिळालेलीचं तरी काय झालं? फेलिक्स मेंडेल्सनची थोरली बहीण फॅनी. वडिलांनी १८२० साली तिला कळवलं की संगीत भावाचा पेशा होईल, तुझ्यासाठी ते दागिन्यापुरतंच. १८३४ मध्ये तिने चौकडी लिहिली. तिच्या हयातीत ती छापली गेली नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं. यंदा भुलाबाईत आमच्या गटाने तशी वही ठेवायचं ठरवलंय: चाल कुणी उचलली, कडवं कुणी जोडलं, नावासकट.

त्या मावशीचं नाव मात्र मला लिहिता येणार नाही. सगळे तिला थोरल्या मुलाच्या नावाने, अमक्याची आई म्हणायचे. मीही.