आधी गुरू, मग विद्यापीठ

पदवीचा निकाल हाती आला की, गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांत एक चिंता मुक्कामाला येते. मुलाने पुढे कोठे शिकावे? एकीकडे परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि त्यापायी गहाण पडू पाहणारे राहते घर. दुसरीकडे माटुंग्याची वा कुलाब्याची संस्था, जवळची म्हणूनच कमी मोलाची वाटणारी. निर्णय मात्र बहुधा क्रमवारीचे तक्ते पाहून आणि शेजारचा मुलगा कोठे गेला हे ऐकून घेतला जातो. आयुष्याची दिशा ठरविण्याची ही रीत योग्य आहे काय?

गिरगावातीलच एक उदाहरण पाहावे. गोव्यातील माशेल येथे १९४३ साली जन्मलेले रघुनाथ माशेलकर वडिलांच्या अकाली निधनानंतर आईसोबत मुंबईत वाढले. शिक्षण युनियन हायस्कूलमध्ये झाले. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या दरमहा ६० रुपयांच्या शिष्यवृत्तीने हात दिला. माटुंग्याच्या 'यूडीसीटी'मधून १९६६ साली ते रसायन अभियंता झाले. बुद्धिमान तरुणांचे डोळे अमेरिकेकडे लागलेले असण्याचा तो काळ. माशेलकरांनी पीएच.डी. केली ती मात्र त्याच संस्थेत, प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली.

हे शर्मा कोण? केंब्रिजमध्ये डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून १९६४ साली मायदेशी परतलेले आणि अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झालेले संशोधक. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९९८ मध्ये तो मान त्यांच्या शिष्यालाही मिळाला. माटुंग्याच्या एका प्रयोगशाळेतील ही गुरुशिष्य-परंपरा कोणत्याही क्रमवारीच्या तक्त्यात आधी दिसली नसती.

याचा अर्थ परदेशी जाणे त्याज्य, असा मुळीच नव्हे. माशेलकरही पुढे इंग्लंडमधील सॅल्फर्डला गेले. तेथे त्यांचा विषय बदलला, बहुवारिकांकडे वळला. परंतु प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर कसे तपासावे, ही शिस्त माटुंग्याची शिदोरी होती. १९७६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढे सीएसआयआरचे महासंचालक असताना हळदीवरील अमेरिकी पेटंटविरुद्धचा लढा त्यांच्याच नेतृत्वाखाली लढला गेला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. परळच्या चाळीतून १९१३ साली कोलंबियाला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही तेथे सेलिग्मन, ड्युई यांच्यासारख्या अध्यापकांकडून मिळेल तेवढे घेतले आणि ते समाजाच्या कामी लावले. समुद्र ओलांडला की नाही, हा प्रश्न गौण आहे. कोणाजवळ बसून काय शिकलो, हा खरा प्रश्न.

म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी कुटुंबाने काही गोष्टींची शहानिशा करावी. ज्यांच्या हाताखाली काम करायचे, त्या प्राध्यापकांचे शोधनिबंध मुलाने वाचले आहेत काय? त्यांचे पूर्वीचे विद्यार्थी आज कोठे आहेत? त्यांपैकी दोघांशी तरी बोलणे झाले काय? विषयाची ओढ स्वतःची आहे की मित्रांची? परदेशी अभ्यासक्रमासाठी कर्ज काढायचे असेल, तर तेथे नोकरी न मिळाल्यास हप्ते कोण फेडणार? येथे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, हेही हिशेबात धरावे. संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलाला घरावर बोजा न टाकता शिकता येते, ही लहान गोष्ट नाही.

लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास करून पुढे आलेल्या मुलीला उंच उडी घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. फक्त ती उडी नावाच्या मोहाने नव्हे, तर ज्ञानाच्या ओढीने घेतलेली असावी. आईवडिलांनीही 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न बाजूला ठेवून तिला एवढेच विचारावे : बाळ, तुला शिकवणार कोण? त्याचे उत्तर तिला ठामपणे देता आले, तर विद्यापीठ माटुंग्याचे असो वा मँचेस्टरचे, पालकांनी निश्चिंत मनाने आशीर्वाद द्यावा.